निळीच्या कुंडातला मुकादम

१

थर्स्टन रंगाऱ्याच्या कुंडातून ओडो मुकादमाला ओढून काढलं, तेव्हा तो हिरवट पिवळा दिसत होता. अंगणात उताणा टाकल्यावर त्याला वारा लागला आणि जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू निळा पडत गेला. बायकांनी छातीवर क्रूस काढले. निळीत बुडवलेलं कापड बाहेर आल्यावरच रंग धरतं, हे ऑल्डनबरो नगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण माणूस रंग धरताना कुणी पाहिला नव्हता.

हॅमो ग्लव्हर गुडघे टेकून प्रेताचं डोकं चाचपत होता. त्याचा धंदा हातमोजे शिवायचा. नगरात कुणाला संशयास्पद मरण आलं की त्याची चौकशी करायची, हे कोरोनरचं काम गेल्या वर्षी सभेने त्याच्या गळ्यात मारलं होतं. सभेच्या दिवशी तो तापाने फणफणला होता आणि नको म्हणायला हजर नव्हता, एवढीच त्याची पात्रता.

"मागून घाव घातलाय," तो म्हणाला. "कुंडात पडायच्या आधीच मेला होता."

"आधी मेला काय नि नंतर मेला काय!" थर्स्टनने कपाळ बडवलं. "माझं कुंड मेलं ना! लेकरासारखी ऊब देऊन आंबवलं, जागवलं होतं हो!"

"कुंडाचं रडगाणं पुरे," मेयर रेनॉल्ड म्हणाला. "कुणी टाकला ते सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांच्या नजरा इव्होकडे वळल्या. थर्स्टनच्या हाताखालचा हा गडी भिंतीला पाठ लावून उभा होता. कोपरापर्यंत निळे हात तो पाठीमागे लपवायला बघत होता, जणू ते हात आज पहिल्यांदाच निळे झाले होते.

इव्हो थ्रॅपवेलच्या जहागिरीतून पळालेला वेठबिगार. यात लपवाछपवी काही नव्हती. पळून आलेला माणूस तटाच्या आत एक वर्ष आणि एक दिवस राहिला आणि तोवर मालकाच्या माणसाने येऊन त्याला ओळखलं नाही, तर तो स्वतंत्र, हा नगराचा जुना हक्क होता. इव्हो गेल्या हिवाळ्यात, मेणबत्त्यांच्या सणाला आला होता. उद्या पुन्हा तोच सण. आणि काल नेमका थ्रॅपवेलचा ओडो मुकादम त्याला न्यायला बाजारात हजर झाला होता.

"मी नाही मारलं," इव्हो म्हणाला. "त्याला बघितल्यापासून मी चर्चच्या माळ्यावर लपलो होतो."

"कुणी पाहिलं तुला?"

"लपलो होतो म्हटलं ना. कोण पाहणार?"

दोघेचौघे हसले. इव्हो हसला नाही. मेयरने त्याला कोठडीत टाकायला सांगितलं. "उद्या सण. परवा सकाळी सभा. तोवर दुसरं नाव पुढे आलं नाही, तर दुपारी फाशी. थ्रॅपवेलचा जहागीरदार गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याचा माणूस आपल्या तटाच्या आत मेलाय."

"परवा म्हणजे वर्ष आणि दिवस पुरे होणार की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पोरगं स्वतंत्र होऊन लटकेल!"

शेजारच्या लोकरीच्या कोठारातून हॅमोचा जावई सायमन बर्जेस आला होता. प्रेत उचलायला त्यानेच खांदा पुढे केला. थंडी हाडात शिरत होती आणि त्याने हात काखेत खुपसले होते.

"मोजे कुठायत?" हॅमोने विचारलं. लग्नात त्याने स्वतःच्या हाताने हरणाच्या कातड्याचे शिवून दिलेले होते.

"घाईत घरी राहिले, सासरेबुवा."

हॅमो निघाला तसं थर्स्टनने त्याची बाही धरली. आता त्याच्या आवाजात रडगाणं नव्हतं.

"मास्टर हॅमो, एक सांगतो. इव्हो माणूस मारेल. गांजलेला आहे, मारू शकेल. पण रंगाऱ्याच्या हाताखालचा गडी चालतं कुंड नासवणार नाही. मागच्या दारी नदी वाहतेय. हे काम आमच्या धंद्यातल्या माणसाचं नव्हे."

२

गनोरा ही बीअर गाळून विकणारी विधवा. तिच्या बाकावर नगरातली निम्मी भांडणं सुरू व्हायची आणि तिच्या जिभेवर उरलेली निम्मी. ओडो काल संध्याकाळी तिच्याकडेच बसला होता.

"खुशीत होता मेला," ती पिंप पुसत म्हणाली. "आला तेव्हा तोंड लोंबत होतं. बाजारातून चक्कर मारून आला नि गाणं काय म्हणतोय, मला चिमटा काय काढतोय! म्हणाला, एका मेंढरासाठी आलो आणि दोन सापडली. दुसरं तर चांगली लोकर धरून बसलंय म्हणाला."

"मेंढरं? या दिवसांत?"

"मी तरी काय विचारू? माणूस प्यायला की मेंढरंच दिसतात."

"बाजारात त्याला कोण कोण भेटलं?"

"भेटतंय कोण? त्याला बघून इव्हो पळाला. बाकीच्यांनी ढुंकून बघितलं नाही. आपल्याकडे जहागिरीच्या मुकादमाला कोण विचारतो? रेनॉल्ड तर तोंडावर जांभई देऊन गेला. तुमचे जावई तेवढे सभ्य हो, मास्टर हॅमो. माझ्या दारात बसले होते. मुकादम समोर आला तसे चटकन उठले आणि टोपी काढली. थंडी बघा कसली होती! तो कानामागचा बिनकेसांचा चट्टा मला तेव्हा दिसला. पडले होते का लहानपणी?"

"गाडीवरून," हॅमो म्हणाला. आयडोनियाने त्याला तसं सांगितलं होतं. जावयाचं कौतुक ऐकून त्याला बरं वाटलं, हेही खरं.

त्याची आयडोनिया एकुलती एक. पहिला नवरा महामारीतून वाचला आणि पुढे नदीत बुडाला. त्यानंतर ती हसायचं विसरली होती. गेल्या वर्षी मेंढ्या कातरायच्या हंगामात सायमन लोकरीचा व्यापार घेऊन आला आणि सुगी संपता संपता तिचा नवरा झाला. आता तिला पाचवा महिना होता आणि ती जिना चढतानाही गुणगुणायची.

सायमनचं आडनाव बर्जेस. तटाच्या आत ज्याचं घर, ज्याने सभेपुढे शपथ घेतली, जो कुणाची वेठ करत नाही, तो बर्जेस. हा शब्द फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांनी आणला आणि नगरवासीयांनी अभिमानाने उचलला. सायमन म्हणायचा, माझा बाप विचफर्ड नगराचा बर्जेस होता, तेच नाव आम्हाला पडलं. मेयर रेनॉल्ड तेव्हा गदगदून हसला होता. "हा तर हक्क नावातच घालून आलाय! आता शपथ देण्यावाचून गत्यंतर नाही." परवाच्या सभेत इव्होला फाशी व्हायची होती, त्याच सभेत सायमनला शपथ मिळायची होती.

"गनोरा," हॅमोने उठता उठता विचारलं, "ओडो इथून कुठे गेला?"

"दुसरं मेंढरू बघून येतो म्हणाला. रंगाऱ्यांच्या गल्लीकडे वळला."

त्या गल्लीत थर्स्टनचं अंगण होतं आणि सायमनचं कोठार. इव्हो उलट्या दिशेला पळाला होता, हे ओडोने स्वतः पाहिलं होतं. मग तो कुणाला बघायला गेला?

३

सणाची प्रार्थना आटोपली आणि हॅमो प्रेताची गाडी घेऊन थ्रॅपवेलला गेला. मेलेला माणूस त्याच्या गावात पुरला जावा, एवढी माणुसकी मुकादमालाही द्यावी लागते. शिवाय ओडोला इथे कोण ओळखत होतं, ते थ्रॅपवेललाच कळलं असतं.

गाव चिखलात रुतलेलं होतं. महामारीत निम्मी घरं ओस पडली आणि पुन्हा उभी राहिली नव्हती. उरलेल्या माणसांच्या पाठीवर मेलेल्यांचीही वेठ आली होती. विहिरीवर बायका होत्या. हॅमोचा चामड्याचा झगा आणि न फाटलेले बूट बघून एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, बर्जेस आला! वाट द्या, बर्जेसचे बूट मळतील!"

बाकीच्या खिदळल्या. गाडीत कोण आहे ते कळल्यावर खिदळणं थांबलं, पण रडली कुणीच नाही. एकीने तोंड फिरवलं. तिच्या खांद्यावर जुने वळ होते.

"आजी, मी हॅमो ग्लव्हर," तो म्हणाला.

"आम्हाला काय? तटाच्या आतला तो बर्जेस. तुमच्यात तुम्हाला बर्जेस नाही म्हणत?"

"आमच्यात कशाला म्हणतील? सगळेच बर्जेस आहेत. गल्लीत ती हाक मारली तर सगळं गाव वळेल. आम्ही एकमेकांना धंद्यावरून ओळखतो. रंगारी तो डायर, पाववाला तो बेकर, मी—"

तो बोलता बोलता थांबला. म्हातारीने पोहरा ओढायचा थांबवून त्याच्याकडे बघितलं.

"काय झालं? भूत दिसलं का?"

भूतच म्हणायचं. नगरात कुणी कुणाला बर्जेस हे नाव ठेवत नाही. विचफर्ड काही वेगळ्या मातीचं नाही. तिथेही गल्लीभर बर्जेस असणार, आणि सायमनच्या बापाला चांभार, सोनार, काहीतरी म्हटलं गेलं असणार. हे नाव खेड्यात पडतं, जिथे तसा माणूस एकच असतो. नगरातून येऊन राहिलेला. नाहीतर ज्याला चिडवायचं असतं, तो.

आपण इतके महिने ते नाव ऐकतोय आणि एकदाही हे डोक्यात आलं नाही, याची हॅमोला लाज वाटली. सगळी सभा फसली होती, कारण ते नाव कानाला गोड लागत होतं.

"आजी," त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, "तुमच्या गावात बर्जेस नावाचं कुणी होतं का?"

"होता की! वॉट बर्जेस." म्हातारी हसली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. तिचं नाव वायमार्क. "कसला बर्जेस नि कसलं काय! वेठबिगार होता, माझ्या नवऱ्यासारखाच. पण ताठा बघावा! बाजारला गेला की अनवाणी यायचा नाही. म्हणायचा, एक दिवस मी तटाच्या आत राहीन, कुणापुढे टोपी काढणार नाही. मग काय, लोकांनी नाव पाडलं. हाच ओडो तेव्हा नवा मुकादम झाला होता. बर्जेस, इकडे ये, बर्जेस, शेण उचल! महामारीत मेला बिचारा."

"आणि पोरंबाळं?"

"एक पोरगा होता. सिम. टोपी काढायला उशीर केला म्हणून ओडोने त्याच्या डोक्यात पराणी घातली होती, कानामागे. तिथे पुन्हा केस आले नाहीत. त्या दिवसापासून पोरगं ओडोची सावली दिसली तरी टोपी काढायचं. बाप गेला त्याच वर्षी तेही गेलं. मेलं असेल." ती हॅमोकडे रोखून बघत होती. "का हो? कुठे दिसला का?"

विहिरीवरच्या सगळ्या बायका कान देऊन उभ्या होत्या, आणि जहागिरीचा कारभारी प्रेत बघायला चिखल तुडवत येत होता.

"नाही," हॅमो म्हणाला. "मेलेलाच असेल."

४

कोठारात लोकरीचा वास कोंडला होता. सायमन गोण्या रचत होता. हॅमो आत आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"हात दाखव, सिम."

ते नाव ऐकून सायमनच्या हातातली गोणी खाली आली. त्याने हात पुढे केले. ते स्वच्छ होते. फक्त मनगटाच्या वर, जिथे मोज्याची कड संपते, तिथे निळा पट्टा होता. घासून घासून कातडी सोलली होती, पण पट्टा गेला नव्हता.

"मोजे जाळलेस?"

"हो."

"चांगलं हरणाचं कातडं होतं." हॅमो गोणीवर बसला. "थर्स्टन म्हणाला, रंगारी कुंड नासवणार नाही. तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बाहेरचा. गनोराने तुझ्या सभ्यपणाचं कौतुक केलं आणि मी मूर्ख, खूश झालो. या नगरात मुकादमापुढे टोपी कोण काढतो? कुणीच नाही. ज्याचा हात विचार करायच्या आधी वर जातो, तोच. टोपी निघाली आणि ओडोला तो चट्टा दिसला. बरोबर?"

"तीन नगरं फिरलो," सायमन म्हणाला. "लोकर वाहिली, लोकर विकली, चारचौघांसारखं बोलायला शिकलो. कुठेच वर्षभर टिकलो नाही, ओळखीचा चेहरा दिसला की पळायचो. इथे आयडोनिया भेटली म्हणून थांबलो. परवा तो समोर आला आणि माझा हात... मी नाही काढली हो टोपी. हाताने काढली."

"नाव तरी बदलायचंस."

सायमन पहिल्यांदाच हसला, कडवट. "दुसरं सगळं बदललं. बापाचं तेवढं एकच होतं. त्याला ते चिडवायला ठेवलं होतं. मला वाटलं, आपण ते खरं करू."

हॅमोला हे ऐकायचं नव्हतं. पोराचा राग येत होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

"इथे येऊन काय म्हणाला ओडो?"

"म्हणाला, चल सिम, जहागीरदार खूश होईल. मी म्हटलं, काय हवं ते घे, मला राहू दे. तो इथे फिरत होता, गोण्यांना हात लावत. मग म्हणाला, बायको पोटुशी आहे ना रे? ते पण आमचंच. वेठबिगाराचं पोर वेठबिगार. मुलगा झाला तर त्याला मीच नांगराला जुंपेन, तुझ्या बापासारखा बर्जेस करेन. असं म्हणून तो पाठ फिरवून दाराकडे गेला. तराजूचं वजन हाताशी होतं."

"आणि इव्हो?"

"कुंड जवळ होतं म्हणून टाकला. इव्होचं तेव्हा डोक्यातही नव्हतं, शपथ." तो थांबला. "काल सकाळी त्याला धरलं तेव्हा मात्र गप्प बसलो. ते ठरवून बसलो."

बाहेरून सणाच्या मिरवणुकीचा आवाज येत होता. घरी आयडोनिया नवऱ्याच्या शपथेसाठी नवा अंगरखा शिवत बसली होती. हॅमोला ते सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. त्याने तोंड मिटून घेतलं असतं, तर ती सुखी, नातू स्वतंत्र, जावई बर्जेस. आणि परक्या गावाचा एक गडी, ज्याला रडायला कुणी नाही, तो उद्या दुपारी दोरावर. सोपं होतं. इतकं सोपं होतं, की त्याला स्वतःची भीती वाटली.

"इव्होला मी लटकू देणार नाही," तो म्हणाला.

"पळून जाऊ?"

"पळालास तर का पळालास ते शोधतील. थ्रॅपवेलची विहीर काही लांब नाही, आणि तिथल्या बायकांना सिम अजून आठवतो. मी उद्या सभेत हे सगळं बोललो, तर तू फाशी जाशील आणि माझं नातवंड जन्मायच्या आधी जहागिरीच्या मालकीचं होईल. तू स्वतः उभा राहिलास, दुसरं काही कारण सांगितलंस..."

वाक्य सायमनने पुरं केलं.

"तर फक्त मी जाईन."

मग सायमन म्हणाला, "ओडोकडे जहागिरीची लोकर असते. भावावरून भांडण झालं म्हणेन. माझा ताबा सुटला." त्याने मनगटावरचा निळा पट्टा बाहीखाली ढकलला. "आयडोनियाला पण तेच सांगायचं?"

"तिलाच आधी. ती आई होणार. रागात, तापात, बाळंतपणात, कधीतरी तोंडून निघून गेलं तर?"

"म्हणजे ती मला..." सायमनने मान खाली घातली. "सासरेबुवा, पोराला माझं नाव राहू दे. तेवढं बघा."

हॅमोने हो म्हटलं.

५

सभागृहात तोबा गर्दी होती. इव्होला साखळीत आणून उभा केला होता. रात्री कोठडीत त्याचं वर्ष आणि दिवस पुरा झाला होता. कोठडी तटाच्या आतच होती, त्यामुळे तो आता कायद्याने स्वतंत्र होता, आणि तरी फाशीची वाट बघत होता. थ्रॅपवेलचा कारभारी पुढच्या बाकावर पाय पसरून बसला होता.

मेयरने विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

"मला," सायमन म्हणाला आणि पुढे आला. नवा अंगरखा घालून आला होता. बायकांच्या बाजूला आयडोनिया हसली. तिला वाटलं, शपथेची वेळ झाली.

त्याने चार वाक्यांत सांगितलं. लोकर, भाव, भांडण, वजन. मग बाही वर करून निळा पट्टा दाखवला. सभागृहात आधी कुणाला कळलंच नाही. मग एकच गलका झाला, आणि त्यातूनही आयडोनियाचा आवाज हॅमोला वेगळा ऐकू आला. ती ओरडली नाही. "नाही, नाही, नाही," असं हळूहळू म्हणत राहिली, जणू लहान मुलाला विस्तवापासून मागे घेत होती.

कारभारी उठला. सायमनच्या अगदी जवळ जाऊन त्याने त्याचा चेहरा न्याहाळला.

"तुला कुठेतरी पाहिलंय," कारभारी म्हणाला. "माझ्यापुढे उभा आहेस. टोपी काढ."

सायमनचा उजवा हात हलला. हॅमोने तो हलताना पाहिला. तो कमरेपर्यंत वर आला, तिथे त्याची मूठ झाली आणि तो पुन्हा खाली गेला.

"मी तुमचा माणूस नाही," सायमन म्हणाला. "काढणार नाही."

"या सभेत टोपी काढायला फक्त आम्ही सांगतो!" मेयर रेनॉल्ड गरजला. सायमनवर तो संतापलेला होता, पण बाहेरच्याने आपल्या सभेत हुकूम सोडावा हे त्याला त्याहून सहन होत नव्हतं. बाक बडवले गेले. कारभारी पुटपुटत मागे गेला.

"कोरोनर," मेयर म्हणाला, "पवित्र ग्रंथावर हात ठेव. तुझ्या चौकशीत या खुनाला दुसरं काही कारण सापडलं?"

हॅमोने हात ठेवला. आयुष्यात त्याने वीतभर कातडंही खोटं मोजलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

लेखनिकाने गुन्हेगाराचं नाव विचारलं. "सायमन बर्जेस," सायमन म्हणाला. खणखणीत म्हणाला. दुपारी त्याला फाशी दिली.

६

फाशी गेलेल्याची मालमत्ता राजाची. कोठार गेलं, लोकर गेली, पाळण्यासाठी आणून ठेवलेलं लाकूडही गेलं. आयडोनिया बापाच्या घरी परत आली. महिनाभर ती बोलली नाही. मग बोलायला लागली, आणि ते न बोलण्याहून वाईट होतं.

"दोन गोण्या लोकरीसाठी, बाबा!" ती भाकरीचं पीठ मळताना म्हणायची. "माझ्या पोटात पोर होतं आणि त्याला लोकरीचा भाव सुचत होता. त्या इव्होलाही लटकू दिला असता. तुम्हाला कधी शंका आली नाही? माणसाबरोबर झोपले मी आणि मला कळलं नाही कसा आहे."

"नाही आली शंका," हॅमो म्हणायचा आणि सुई कातड्यात घुसवायचा. पुष्कळदा ती त्याच्या बोटात घुसायची.

इव्हो एकदा येऊन गेला. थर्स्टनने त्याला कायमचं ठेवून घेतलं होतं. तो दारात घुटमळला आणि म्हणाला, "तुमच्यामुळे वाचलो, मास्टर हॅमो."

"माझ्यामुळे नाही," हॅमो तुटकपणे म्हणाला. त्याने त्याला आत बोलावलं नाही.

पुन्हा मेंढ्या कातरायचा हंगाम आला तेव्हा आयडोनियाला मुलगा झाला. थ्रॅपवेलहून कुणी आलं नाही, कुणी येण्याचं कारणही उरलं नव्हतं. चर्चमध्ये गनोराने मूल धरलं होतं. पाणी कपाळावर पडल्यावर ते खणखणीत रडलं. फादरने विचारलं, "कुणाचा मुलगा म्हणू? सायमन बर्जेसचा?"

"नाही," आयडोनिया म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा होता. "ते नाव माझ्या पोराला नको. लोक त्याला खुन्याचं पोर म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. तो माझ्या बाबांचा नातू आहे. ग्लव्हर म्हणा."

फादरने हॅमोकडे पाहिलं. घरातला कर्ता पुरुष तोच होता. नाव त्यालाच सांगायचं होतं.

हॅमोला सगळं सांगावंसं वाटलं. त्याने लोकरीसाठी मारलं नाही गं, याच्यासाठी मारलं. तुझ्या तिरस्कारासकट फाशी गेला, याच्यासाठीच. एका वाक्याचं काम होतं. आयडोनिया पुन्हा रडली असती, पण वेगळं रडली असती. शेजारी गनोरा उभी होती, मागे रेनॉल्ड, त्याच्यामागे अर्धी गल्ली. मूल गनोराच्या हातात लाल होऊन ओरडत होतं आणि या जगात त्याच्यावर कुणाचीही मालकी नव्हती.

"काय म्हणू, मास्टर हॅमो?" फादरने पुन्हा विचारलं.

"ती म्हणते ते," हॅमो म्हणाला. "ग्लव्हर."